सू मोनचं आडनाव

चंद्रशेखर नेवरेकरांना रिकामा रकाना बघवत नसे. एकतीस वर्षं त्यांनी कोकणातल्या एका नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या होत्या, आणि त्यांच्या वहीत एकही जागा कोरी सापडायची नाही. डोंगराकडचा एखादा माणूस पोराची नोंद करायला यायचा, आडनाव विचारलं की नुसता उभा राहायचा. मग नेवरेकर त्याला गाव विचारत, गावाच्या नावाला 'कर' चिकटवत आणि मोकळे होत. "जा, आजपासून तुला आडनाव मिळालं," असं वर म्हणत. त्या माणसाला ते हवं होतं का, हे विचारायचं त्यांच्या कधी मनात आलं नाही. नेवरेकर मनाचे वाईट नव्हते, पण आपण लोकांवर उपकार करतो असं ज्याला वाटतं तो फारसे प्रश्न विचारत नाही.

बायको गेल्यावर मुलानं, यशोधननं, त्यांना वेलिंग्टनला आणलं. जॉन्सनव्हिलमध्ये उतारावर घर होतं. यशोधन आणि सून निशिगंधा सकाळी साडेसातला बाहेर पडत, नात श्रिया शाळेत जाई, आणि नेवरेकर खिडकीतून समोरच्या टेकडीवरचा वारा बघत बसत. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला ते दिवसातून दोनदा जात, दूध नको असलं तरी. शेवटी निशिगंधानंच शोधून काढलं, की इथल्या कम्युनिटी हॉलमध्ये दर बुधवारी नव्यानं आलेल्या लोकांना फॉर्म भरायला मदत करणारी माणसं हवी आहेत. फॉर्म म्हटल्यावर म्हातारा दहा वर्षांनी तरुण झाला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, अशी स्वारी बुधवारी नऊच्या ठोक्याला टेबलामागे हजर.

तिथंच दोन हजार सातच्या फेब्रुवारीत थीडा आली. खिन थीडा, वय चौतीस, ब्रह्मदेशची. वृद्धाश्रमात साफसफाईचं काम करायची. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं पहिलाच शब्द उच्चारला तो "सयाजी."

"सयाजी नाही, चंद्रशेखर," नेवरेकर म्हणाले.

ती हसली. तिच्या भाषेत सयाजी म्हणजे मोठे गुरुजी, वडीलधाऱ्या शिकलेल्या माणसाला असंच म्हणतात, असं तिनं सांगितलं. नेवरेकरांना ते फारच आवडलं. मग त्यांनीही आपला हुकमी पत्ता टाकला: "तुमचा शेवटचा राजा थिबा आमच्या रत्नागिरीत होता. इंग्रजांनी तिथं ठेवला होता. थिबा पॅलेसच्या आवारात मी लहानपणी विटीदांडू खेळलोय."

थीडा बघतच राहिली. जगाच्या या टोकाला कुणी आपल्या राजाचं नाव घेईल, असं तिला वाटलं नव्हतं. "त्याच्या थडग्यावर कुणी फुलं ठेवतं का?" तिनं विचारलं.

"ठेवतात तर," नेवरेकर म्हणाले. त्यांनी ते थडगं उभ्या आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं. पण इतक्या आशेनं विचारते तर कोरं उत्तर कसं द्यायचं?

तिची कहाणी मोठी नव्हती. नवरा तुन ल्विन शाळामास्तर होता. लष्करी सरकारविरुद्धचे कागद त्याच्या टेबलात सापडले, त्याला तुरुंगात नेलं आणि वर्षानं त्याचे कपडे तेवढे घरी आले. मग तिच्याही मागे माणसं लागली. चार वर्षांची मुलगी आईपाशी ठेवून ती थायलंडच्या सरहद्दीवर पळाली, तिथल्या छावणीत चार वर्षं राहिली आणि तिथून इकडे. मुलगी आता नऊ वर्षांची होती, नाव सू मोन. इरावती नदी समुद्राला मिळते तिथं बोगले नावाच्या गावापलीकडे, खाडीकाठच्या एका खेड्यात आजीजवळ राहत होती. तिला बोलावून घ्यायचा अर्ज भरायचा होता. थीडाला या जगात दुसरं काही नको होतं.

नेवरेकरांनी फॉर्म सरळ केला. "मुलीचं नाव?"

"सू मोन."

"आडनाव?"

"नाही."

"नाही कसं? माणसाला आडनाव असतंच."

थीडानं समजावायचा प्रयत्न केला. त्यांच्यात वारावरून नाव ठेवतात. ती शुक्रवारची म्हणून थीडा, मुलगी मंगळवारची म्हणून सू. नेवरेकर खूश झाले. "आमच्यातही नक्षत्रावरून अक्षर काढतात! पण ते नाव झालं गं. मी आडनाव विचारतोय. बापाचं नाव काय म्हणालीस?"

"तुन ल्विन. पण ते त्याचं..." एवढं बोलून थीडानं त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि ती गप्प झाली.

नेवरेकरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: नाव सू मोन, आडनाव तुन ल्विन. आईच्या नावापुढेही तेच लावलं, लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचं लावतातच. "आता कसं घर भरल्यासारखं दिसतं!" ते म्हणाले. थीडानं दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार केला.

त्या वर्षी नेवरेकरांनी लायब्ररीतून ॲटलास आणला आणि ब्रह्मदेश पाठ केला. उत्तरेला बर्फाचे डोंगर, मधे मंडाले, खाली इरावतीचे फाटे आणि दर फाट्याच्या कडेनं भातशेती. ॲटलासमध्ये राजधानी रंगून होती, पण सरकारनं ती उचलून आत रानात नेऊन ठेवल्याचं थीडानं सांगितलं. "आणि देशाचं नावही बदललं. लोकांना विचारलं नाही," ती म्हणाली. नेवरेकरांनी चुकचुकत मान हलवली. असली मनमानी त्यांना अजिबात खपत नसे. श्रियालाही या मुलीचा लळा लागला, न बघताच. तिचे आखूड झालेले पोहायचे कपडे, तिच्या भाषेत टॉग्ज, आणि रबरी सपातांची, म्हणजे जँडल्सची, एक जोडी तिनं पिशवीत घालून ठेवली. "आजोबा, she can have heaps of my stuff," असं ती रोज म्हणायची.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. अर्जावरचं आडनाव मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर नाही, आईच्या निर्वासित म्हणून झालेल्या नोंदीतही नाही. तरी ही मुलगी तीच, असा तिथल्या कचेरीचा दाखला जोडावा.

नेवरेकरांनी पत्र तीनदा वाचलं तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. त्या लोकांत आडनाव नसतंच. थीडा सांगत होती ते शब्दशः खरं होतं. अहो, ज्या राजाच्या वाड्यात ते खेळले, त्याचं तरी आडनाव त्यांनी कधी ऐकलं होतं? थिबा म्हणजे थिबा. एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरली नाही, कारण डोक्यात रकाना होता.

आणि इथं त्यांनी आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट केली. थीडा समोर बसली होती, इंग्रजी पत्र तिला नीट वाचता येत नव्हतं, डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते. चूक माझी, एवढं म्हणायचं होतं. ते म्हणाले, "एक दाखला कमी पडलाय. सरकारी काम, चालायचंच."

"हो सयाजी," थीडा म्हणाली.

दाखला मिळवायचा म्हणजे आजीनं होडीनं तालुक्याच्या गावी जायचं आणि अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं. पळून गेलेल्या बाईची आई होती ती. त्यात सप्टेंबरात भिक्षू रस्त्यावर उतरले, सरकारनं गोळ्या घातल्या, फोन आणि इंटरनेट बंद पडलं. कचेरीतल्या कारकुनाला कुठल्याच कागदावर सही करायची हिंमत होईना. थीडाच्याच आठवड्यात न्वे न्वे नावाच्या दुसऱ्या एका बर्मी बाईनं अर्ज केला होता. तिनं तो स्वतः भरला होता. तिची दोन्ही मुलं नोव्हेंबरात वेलिंग्टनला उतरली. नेवरेकरही विमानतळावर गेले होते. मुलं आईला बिलगली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नेवरेकर गाडी बघून येतो म्हणून बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत.

दाखला जानेवारीत आला, कुणाकुणाच्या हातांतून. एप्रिलच्या मध्यावर मंजुरीचं पत्रही आलं. नेवरेकरांनी त्या दिवशी घरी शिरा केला, जन्मात पहिल्यांदा, आणि तो करपला तरी सगळ्यांनी खाल्ला. आता फक्त आजीनं सू मोनला रंगूनला न्यायचं आणि पासपोर्ट घ्यायचा होता. तिकडचे नववर्षाचे सण होते, कचेऱ्या बंद. निघायचं ठरलं सोमवारी, पाच मेला. थीडानं खोलीत दुसरी खाट आणून टाकली. "अजून थोडे दिवस," ती भेटेल त्याला सांगायची.

शुक्रवारी, दोन मेला, वादळ आलं.

रविवारी सकाळी यशोधननं बातम्या लावल्या तेव्हा नेवरेकरांच्या हातात चहा होता. समुद्राचं पाणी खाडीखाडीतून मैलोन् मैल आत शिरलं होतं. उधाण म्हणजे काय हे कोकणी माणसाला सांगावं लागत नाही. ॲटलासमधला तो हिरवा सपाट पट्टा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. तिथं चढून बसायला एक टेकाड नाही, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि ते थीडाकडे चालत गेले, कोट न घालता.

पुढचे अठरा दिवस कसे गेले, ते त्या दोघांनाच ठाऊक. मदतीची जहाजं समुद्रात उभी होती आणि लष्करी सरकार त्यांना किनाऱ्याला लागू देत नव्हतं. परदेशी डॉक्टरांना व्हिसा मिळत नव्हता. प्रेतं पाण्यात तरंगत असताना देशाच्या उरलेल्या भागात त्याच सरकारनं नव्या घटनेवर मतदानही उरकून घेतलं. नेवरेकर रेडिओला शिव्या घालत, मराठीत, मोठ्यानं, आणि थीडा त्यांना पाणी आणून देई. शिव्या कुणाला द्यायच्या हे त्यांना अचूक ठाऊक होतं, आणि एक शिवी त्यांच्या घशात अडकलेली होती.

एकोणिसाव्या दिवशी रंगूनहून थीडाच्या मावसभावाचा फोन आला. तो होडीनं गावापर्यंत जाऊन आला होता. तीनशेच्या वस्तीत चाळीस माणसं उरली होती. आजी नव्हती. सू मोन नव्हती.

थीडा रडली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन म्हाताऱ्यांच्या खोल्या पुसल्या. नेवरेकर मात्र घरी बसून लहान मुलासारखे रडले. श्रिया त्यांच्या पाठीवर हात फिरवत "It's not your fault, आजोबा" म्हणाली, आणि त्यावर तर ते आणखीच रडू लागले. निशिगंधाला त्यांनी सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, हे तिला सांगायलाच हवं. ती काय म्हणेल ते ऐकून घ्या."

जूनच्या पहिल्या शनिवारी दुपारी ते गेले. दक्षिणेचा गार वारा सुटला होता. थीडाच्या खोलीत भिंतीशी ती दुसरी खाट अजून तशीच होती, वर घडी घातलेलं पांघरूण. नेवरेकर खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "थीडा, फॉर्मवर आडनाव मी लिहिलं. तू नको म्हणत होतीस. त्यामुळे अर्ज परत आला. नाहीतर पोर नोव्हेंबरातच इथं असती. मी तुझ्यापासून लपवलं. मी पापी माणूस आहे." ती किंचाळेल, हाकलून देईल, थोबाडीत मारेल, या सगळ्याची तयारी करूनच ते आले होते. खरं तर त्यांना तेच हवं होतं.

"मला माहीत होतं, सयाजी," थीडा म्हणाली.

"कसं?" नेवरेकरांनी विचारलं.

"न्वे न्वेनं तिच्या फॉर्मवर आडनावाच्या जागी नुसती रेघ मारली होती. तिनं मला त्याच आठवड्यात सांगितलं, तुझा चुकलाय, जा, बदलून घे. मी पुढच्या बुधवारी आले होते." ती हळू बोलत होती, एकेक शब्द शोधत. "तुम्ही मला चहा दिलात. सगळ्यांना सांगितलंत, हिचा फॉर्म बघा, एक जागा कोरी नाही. तुम्ही किती आनंदात होता. चार लोकांत कसं सांगू, की तुमचं चुकलं? आमच्यात एक शब्द आहे, आ-ना-दे. मोठ्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपण गप्प बसतो, ते."

त्या शब्दाला मराठीत काय म्हणतात ते नेवरेकरांना लगेच कळलं. भीड. सत्तर वर्षं ते आणि त्यांची माणसं त्याला गुण समजत आली होती.

"मी तुमची भीड धरली," थीडा म्हणाली. "पण आई मी होते ना, सयाजी. तुम्ही नव्हता. मी बोलायला हवं होतं." आणि एकोणीस दिवस आणि त्यानंतरचे इतके दिवस न रडलेली ती बाई तोंडावर पदरासारखा टॉवेल धरून त्यांच्यासमोर हमसून हमसून रडली.

"नाही गं, नाही," नेवरेकर म्हणत राहिले. "ती चूक माझी. ती तू तुझ्या अंगावर घेऊ नकोस, मी हात जोडतो." पण ती मान हलवत राहिली. त्यांचा अपराधही ती त्यांच्याजवळ पुरता राहू देत नव्हती, आणि तिचा तिच्याकडून काढून घ्यायला त्यांच्यापाशी एक शब्द नव्हता.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. तीनची पाळी होती. तिनं कामाचा कोट चढवला, चपला घातल्या, दार उघडलं, आणि मान किंचित लववून बाजूला उभी राहिली. वडील माणसानं आधी बाहेर पडायचं असतं, म्हणून.