गादीखालचं मुखपृष्ठ

आमच्या घरात कुणाला कशाचा संशय आला तर तोंडानं विचारायची पद्धतच नव्हती. आई भांडी आपटायची, आण्णा गप्प बसायचे आणि मी मनातल्या मनात खटला चालवून निकालही देऊन टाकायची. स्वभावच तसला माझा, काय करणार! साधी रिबीन जागेवर दिसली नाही तरी माझ्या मनात पाल चुकचुकायची. त्यामुळे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचं माझं काम भर घरातून नाहीसं झालं, तेव्हा मी कुणाकुणाला चोर ठरवलं असेल ते विचारूच नका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही कोपरखैरण्याला राहायचो. आण्णा मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहणारे माथाडी. मी कमर्शियल आर्टला. पोरगी फी भरून चित्रं काढते, हे काही आमच्या भावकीच्या पचनी पडलं नव्हतं. त्यांची तोंडं बंद करायला आण्णांनी गावात सांगून ठेवलं होतं, "एकदा जरी नापास झाली, तर गावाकडं आणून लगीन लावून देतो." आण्णांचा शब्द म्हणजे शब्द. त्यामुळे बाकीच्या मुली मार्कांसाठी काम करायच्या आणि मी गावाकडची चूल टाळण्यासाठी.

सरांनी शेवटचं काम दिलं ते असं. मनानं एक सिनेमा रचायचा, त्याचं पोस्टर करायचं आणि त्याच सिनेमावर एका फिल्मी मासिकाचं मुखपृष्ठ. मुखपृष्ठ नुसतं कागदावर चालणार नव्हतं. "जुन्या अंकावर चढवून आणा," सर म्हणाले. "स्टॉलवर ठेवलं तर गिऱ्हाइकाचा हात खिशाकडे गेला पाहिजे."

मी गोष्ट रचली, घरच्यांना न सांगता लग्न करणाऱ्या मुलीची. पोस्टर रंगवलं, त्यात नायिका समोर आणि नायक पाठमोरा. पाठमोरा का, तर मला पुरुषाचं नाक जमत नव्हतं. सरांना मात्र मी ठोकून दिलं की त्यात रहस्य आहे. मुखपृष्ठाला फोटो हवा होता आणि वर्गातली एकही मुलगी नायिका व्हायला तयार होईना. मग म्हटलं, आपणच उभं राहू. पावणे गावातली माझी आगरी मैत्रीण भावाचा कॅमेरा घेऊन आली. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीवर तो ठेवला, टायमर लावला. मी गळ्यात बांगडीवाल्याकडचं खोटं मंगळसूत्र घातलं. मैत्रिणीनं दोरीवर वाळत घातलेला एक चौकडीचा शर्ट चढवला, केस टोपीत कोंबले आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. झाला नायक तयार!

फोटो मोठा करून आणला. त्यावर मासिकाचं नाव, महिना, किंमत, सगळं ब्रशनं हातानं लिहिलं. खाली लालभडक अक्षरांत 'गुपचूप लग्न!' आणि त्याखाली 'घरच्यांना पत्ताच नाही'. जुन्या अंकावर ते डकवलं, वर चकचकीत प्लॅस्टिक लावलं. माझं मलाच खोटं वाटेना. डिंकाचे फुगे बसावेत म्हणून अंक गादीखाली सरकवून ठेवला. आमच्याकडे इस्त्री म्हणजे गादीच. आण्णांचा लेंगाही तिथंच घडी मारून पडायचा.

दुसऱ्या दिवशी गादी उचलली. लेंगा होता, अंक नव्हता.

पहिला संशय शेजारच्या मावशींवर. त्यांनी माझ्यासाठी कोरेगावकडचं कुठलंसं स्थळ काढलं होतं आणि रोज साखर मागायच्या निमित्तानं येऊन घरभर नजर फिरवायच्या. मी नापास झाले की त्यांचं स्थळ पक्कं. कारण तर सरळच दिसत होतं! मी त्यांच्याकडे वाटी परत करायला गेले आणि त्यांच्या शोकेसमागं, टीव्हीखाली, रद्दीत, सगळीकडे डोळे फिरवून आले. "काय गं, काय हरवलंय?" त्यांनी विचारलं. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

मग मैत्रीण. तिचं स्वतःचं मुखपृष्ठ फसलं होतं आणि अंक कुठे ठेवलाय ते तिला ठाऊक होतं. कॉलेजात मी तिला आडून आडून विचारत राहिले. ती शेवटी भडकलीच. "सरल इचार ना गो, चोरला का म्हनून! मना काय करायचा हाय तुजा थोबाड घेऊन?" त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. तेही मला संशयास्पदच वाटलं.

आईला विचारलं तर तिनं कुकर आपटला. "मी कशाला हात लावू तुझ्या कागदांना? रद्दी विकली की तूच बोंबलतेस."

आण्णांवर मात्र माझा संशय गेला नाही. ते माझ्या कामाला कधी बोटही लावत नसत. पण त्यांचं काहीतरी बिनसलं होतं खरं. जेवताना माझ्या गळ्याकडे बघायचे. मी बघितलं की ताटात बघायचे. एकदा कॉलेज सुटलं तर गेटासमोर उभे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांना न्याहाळतायत. मला बघून म्हणाले, "सहज आल्तो." मार्केटातला माथाडी भर दुपारी सहज येतो होय? हे मावशींच्या स्थळाचं चाललंय, गावाला होकार गेलेला दिसतोय, माझी खात्री पटली. आणि आण्णा ताकास तूर लागू देईनात.

सोमवारी काम द्यायचं होतं. शनिवारी मी नवं मुखपृष्ठ करायला सामान आणायला वाशीला गेले. हातात वेळ इतका थोडा होता की नुसतं रडू येत होतं. बसमधून उतरले आणि समोर पेपरच्या स्टॉलवर आण्णा! काम सोडून. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी टॉवेलाचं टोक बाजूला केलं, आतलं स्टॉलवाल्याला दाखवलं, काहीतरी विचारलं. स्टॉलवाल्यानं मान हलवली. टॉवेलातून माझ्या मुखपृष्ठाचा लाल रंग डोकावत होता.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे घरचाच चोर! मला नापास करून गावाला धाडायचा हा डाव!

"आण्णा!" मी धावत जाऊन ओरडले. "माझा अंक तुम्ही घेतला? अहो, माझं वर्ष जाईल!"

त्यांनी अंक झटकन पाठीमागं लपवला. "हळू बोल. लोक बगत्यात."

"बघू देत की!"

"त्येंनी बगू न्हाई म्हणूनच हिंडतोय न्हवं," ते म्हणाले. मला स्टॉलपासून लांब ओढत नेलं. "लेंगा घडी मारून ठिवताना गावला. म्हटलं, लोकांच्या हाती पडायच्या आत मिळंल तेवढा घिऊन टाकावा आन बंबात घालावा. मार्केटाबाहेर इचारलं, कोपरखैरण्याला इचारलं, हितं इचारलं. कुटंच न्हाई. सगळा खपला."

मला कळायला जरा वेळ लागला. जगात त्या अंकाची एकच प्रत होती आणि ती त्यांच्या हातात होती. स्टॉलवाले 'नाही' म्हणत होते ते खरंच होतं. आण्णा मात्र धरून चालले होते की अख्ख्या नवी मुंबईनं त्यांच्या मुलीचं गुपचूप लग्न विकत घेतलंय.

"आईला सांगितलंत?"

"न्हाई. तिला सोसायचं न्हाई."

"आण्णा, ऐका, हे सगळं..."

त्यांनी हात वर केला. मी मार खायच्या तयारीनं उभी राहिले. त्यांचा आवाज मात्र चढला नाही.

"भावकीचं मी बगतो. तुला कोन काय बोलणार न्हाई. शिकायचं तेवढं शीक. फकस्त एक सांग पोरी," ते म्हणाले आणि त्यांनी अंक पुढे धरून त्या पाठमोऱ्या नायकावर बोट ठेवलं. "ह्यो माणूस बरा हाय न्हवं? तोंड दिसत न्हाई त्येचं. पर कष्टाचा वाटतो. खांद्याला ठिगळ हाय बग."

मी बघितलं. चौकडीच्या शर्टाला खांद्यावर खरंच ठिगळ होतं. पोत्यांनी घासून विरलेल्या जागी आईनं लावलेलं. मी त्या फोटोवर इतके दिवस राबले होते आणि ते मला दिसलं नव्हतं.

"आण्णा," मी म्हटलं, "शर्ट तुमचाच आहे." आणि भर रस्त्यात त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागले.