दोन राजे एका घरात

जुगाराचं गणित जगात सर्वांत खोल कळलेला आणि तरीही जन्मात एक रुपया पैजेवर न लावलेला माणूस सुकापूरला एका बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, हे मी कुणाहीसमोर छातीठोकपणे सांगेन. हे आमच्या हिचे धाकटे काका. लग्न केलं नाही, उभी हयात पनवेलच्या शाळेत गणित शिकवण्यात घालवली, आणि निवृत्तीनंतर भाच्याने हातात दिलेल्या फोनवर त्यांना ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा जुगार सापडला. एखाद्याला उतारवयात गुरू सापडावा तसा सापडला. निवृत्त शिक्षकांच्या सहलीत मंडळींनी त्यांना गोव्याला कॅसिनोच्या बोटीपर्यंत ओढत नेलं, तर हे धक्क्यावरच शेंगदाणे खात बसून राहिले. "उत्तर पाठ आहे, मग गणित सोडवायचं कशाला?" असं त्यांचं म्हणणं. आत गेलेली मंडळी पडलेल्या चेहऱ्यांनी परतली तेव्हा काकांनी प्रत्येकाला उरलेले शेंगदाणे वाटले आणि कोण कुठे चुकलं तेही समजावून सांगितलं.

घरी मात्र रोज दुपारी डाव पडायचा. समोर थोरले काका, मध्ये चिंचोक्यांची वाटी. खेळ सोपा आहे. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पुढे गेली की संपलात. राजा, राणी, गुलाम सगळे दहाचे. दोन सारखी पानं आली तर ती फोडून दोन वेगळे डाव करता येतात, फक्त दुसऱ्या डावावर तेवढेच चिंचोके पुन्हा लावावे लागतात. धाकट्या काकांचा सगळा जीव या फोडण्यात. "आठ-आठ आले की डोळे मिटून फोडायचे," ते सांगत. "सोळा म्हणजे सगळ्यात वाईट हात. आणखी पान घेतलंस तर बहुतेक मरतोस, थांबलास तर बहुतेक हरतोस. फोडलंस म्हणजे जिंकशील असं नाही हं, कमी हरशील. पण दहा-दहा कधी फोडायचे नाहीत. हातात वीस असताना हाव कशाला?" जोडी किती छान दिसते ते बघू नका, एकेकटं पान काय करू शकेल ते बघा, हे त्यांचं सूत्र, आणि ते त्यांनी संसारातल्या यच्चयावत जोड्यांना लावलं. बाजारातून दोन बांगडे आणले की एक तळावा की दोन्ही आमटीत सोडावेत यावर ते ओट्याशी उभे राहून इतका विचार करत की एकदा तो निर्णय मांजरानेच घेतला. माझ्या मेहुणीने आपल्या जुळ्यांना एका तुकडीत ठेवू की दोन, असं विचारलं तेव्हा काकांनी दोघांची वेगवेगळ्या खोल्यांत परीक्षा घेतली. पाचच मिनिटांत दोघंही रडू लागले आणि निकाल राखून ठेवावा लागला.

थोरल्या काकांचं सगळं उलट. ते गव्हाणला मिठागरावर राबलेले, पुढे जमीन गेली, बायको गेली, मुलगा पुण्याला गेला, तेव्हा हे धाकट्याकडे राहायला आले. त्यांना दहा-दहा आले रे आले की ते फोडायचे.

"अरे दादा, वीस आहेत!" धाकटे कळवळून म्हणत.

"मंग चाळीस होतील. आनि दोन राजे एका घरात कशाला, बाला? भांडतील नाय का?"

वर ते बऱ्याचदा जिंकायचे, आणि धाकटे संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलायचे नाहीत.

मग थोरल्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. दोन मजले म्हणजे त्यांना गड वाटू लागला. पुण्याच्या मुलाने निरोप धाडला की माझं घर तळमजल्यावर आहे, बाबांना इकडे पाठवा. थोरल्यांनी निवाडा भावावर सोडला. "तू म्हनशील तसा," एवढंच म्हणाले. धाकट्यांनी स्वतःचा रक्तदाब, एक अधू डोळा आणि भावाचे दोन गुडघे अशी मांडणी केली आणि वर्गात शिकवायच्या आवाजात निकाल दिला. "दोन आजारी म्हातारे एका छताखाली म्हणजे सोळा. फोडायलाच हवं." मीच गाडी काढून थोरल्यांना पुण्याला सोडून आलो. वाटीतले अर्धे चिंचोके त्यांनी रुमालात बांधून नेले होते.

आता डाव फोनवर, व्हिडिओ कॉल लावून चालतो. धाकटे दोघांची पानं वाटतात आणि थोरल्यांची पानं फोनसमोर धरतात. परवा मी गेलो तेव्हा त्यांनी सवयीने दोन कप चहा केला होता, शिवाय माझा तिसरा. दुसरा कप तसाच निवत होता आणि त्याकडे आम्ही दोघंही बघत नव्हतो. मला फार वाईट वाटलं. इतक्यात थोरल्यांना दोन राजे आले. मी मनातल्या मनात हसलो, कारण आता काय होणार ते ठरलेलं होतं.

"फोडायचे ना, दादा?" धाकट्यांनी विचारलं.

थोरल्यांनी पानं बघायला चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला.

"नको," थोरले म्हणाले. "ऱ्हाऊ दे एकत्र. आपलीच पानं हायत."

इतकी वर्षं ज्या शहाणपणासाठी काकांनी घसा कोरडा केला ते शहाणपण अखेर भावाला आलं होतं. शाबासकी द्यायला हवी होती. पण त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा पुसला. राजे फोनसमोर धरलेला दुसरा हात मात्र त्यांनी खाली घेतला नाही.

"आम्हा दोघांना मी आठ-आठ समजलो," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, तुमच्या नवीन पनवेलला तळमजल्यावर एखादी जागा मिळेल का हो? लहान चालेल. दोघांना पुरेल एवढी."