मेथीच्या वासाचा आल्प्स

जगातली कुठलीही गाडी आपण शिट्टी मारल्याशिवाय हलत नाही, अशी खात्री बाळगणारा एकच माणूस मी पाहिला आहे. तो म्हणजे काका. ते भूमच्या एसटी बसस्थानकावर नियंत्रक होते. मी खेड्यातून कॉलेजला ये-जा करायचो, तेव्हा संध्याकाळची गाडी लागेपर्यंत त्यांनी मला आपल्या खोलीत पंख्याखाली बसून अभ्यास करू दिला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि त्या पदवीतला निम्मा वाटा त्या पंख्याचा आहे. त्यामुळं पुढं जे लिहितो आहे ते चेष्टेचं वाटलं तरी कृतज्ञतेनंच लिहितो आहे, असं आधीच सांगून ठेवतो.

निवृत्त झाल्यावर काका घरात शिट्टी मारू लागले. दूध उतू जायच्या बेतात आलं की शिट्टी, पाहुणा चहा संपवून रेंगाळला की दोन शिट्ट्या. त्यांचं मन रमावं म्हणून पुण्याच्या लेकानं त्यांना मोबाईल घेऊन दिला आणि त्यात एक दिवस काकांना स्वित्झर्लंडची डोंगरातली रेल्वे सापडली. बर्फ, दऱ्या, आणि एका ठिकाणी असा दगडी पूल, की गाडी आधी त्याच्या खालून जाते आणि गोल गिरकी घेत चढून त्याच पुलावर येते. गाडी लालभडक. "रंग बघ," मला बोलावून घेऊन काका म्हणाले, "आपल्या यष्टीवरनंच घेतलाय त्यांनी." महिन्याभरात लेकाकरवी विजेवर चालणारी तसलीच वीत-वीत डब्यांची गाडी आली, रूळ आले, आणि काकांनी मधल्या खोलीत आल्प्स पर्वत बांधायला घेतला.

खोक्यातला माहितीचा कागद जर्मन भाषेत होता. तो त्यांनी माझ्यापुढं टाकला.

"वाच."

"काका, मला जर्मन येत नाही."

"बीए झालास न्हवं?"

"मराठी घेऊन झालो."

"मग तीन वर्षं माझा पंखा कशाला फिरवला?"

शेवटी कागद बाजूला राहिला आणि सगळं काम काकांच्या अनुभवावर चाललं. डोंगराचं साहित्य मात्र काकूंचं. जुने पेपर भिजवून कुटायचे आणि त्यात भिजवलेल्या मेथीचं वाटण घालायचं. काकू याच लगद्यानं टोपल्या लिंपत. बांबूच्या कमट्यांवर गोणपाट ताणून त्यावर हा लगदा थापला, वाळल्यावर तो दगडासारखा टणक झाला, आणि आल्प्सला मेथीच्या लाडवांचा वास येऊ लागला. बर्फ म्हणून पहिल्यांदा रवा भुरभुरला. दोन दिवसांत मुंग्यांनी अख्खी हिमरेषा उचलून नेली, म्हणून मग रांगोळी आली. बाटल्या धुवायचे ब्रश हिरवे रंगवून सूचिपर्णी झाडं झाली. स्टेशनात काकांनी पाणपोई आणि रसवंती बसवली. तिकडं एवढ्या थंडीत उसाचा रस कोण पिणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "स्टँड म्हटलं की रसवंती लागतीच. पिणारा पिईल." खोलीला दार एकच, तरी बघायला येणाऱ्यांना ते आधी उतरणारांना उतरू द्यायला लावत.

गाडी सपाटीवर झोकात धावायची. पण पुलाकडच्या गोल चढाच्या निम्म्यावर आली की चाकं जागच्या जागी फिरायची आणि गाडी अदबीनं मागं घसरायची. कारण साधं होतं. काकांनी चढ धरला होता आपल्या बसच्या घाटाचा. रेल्वेच्या लोखंडी चाकांना तेवढा खडा चढ झेपत नाही, असं मी भीत भीत सांगून पाहिलं. "घाट म्हणजे चढच असतो," काका म्हणाले. "डायवर नवा हाय." गाडीत डायवर नव्हता. डोंगर आता छिन्नीशिवाय कमी होणार नव्हता, आणि डोंगराला छिन्नी लावणं म्हणजे चूक कबूल करणं.

इकडं नवरात्र जवळ आलं. घट बसायची जागा त्याच खोलीच्या पूर्व कोपऱ्यात, आणि तिथं नेमकं आल्प्सचं शिखर. काकूंनी स्पष्ट सांगितलं, "घटस्थापनेपतूर गाडी चढली तर ठीक, न्हायतर डोंगर मोडायचा." काकांनी पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ शिट्ट्या मारल्या. गाडी पंधरा दिवस घसरली.

आदल्या दिवशी मी गेलो तेव्हा काका हातोडा घेऊन शिखरासमोर बसले होते. रसवंती त्यांनी आधीच उचलून खिशात घातली होती. एक घाव घातला. टवका उडाला, मेथीचा वास दरवळला. दुसऱ्या घावाला हात वर गेला आणि तिथंच राहिला. दारात काकू उभ्या होत्या.

"अवो, ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुळजापूरची आई डोंगरातच ऱ्हाती की. तिला काय डोंगराचं वावडं हाय? दिवा खाली जमिनीवर ठिवू. घट बसंल वर."

अशा रीतीनं त्या वर्षी आल्प्सच्या माथ्यावर पत्रावळीत काळी माती पसरली, तीत सात धान्यं पेरली गेली आणि मधे घट बसला. काकू रोज ओंजळ-ओंजळ पाणी घालत, धान्य तरारून वर येई, आणि आरती झाली की काका शिट्टी मारत. सात दिवस गाडी घसरली. आठव्या दिवशी निम्म्यावर आली, थबकली, आणि कुरकुरत चढून पुलावर गेली. काका भिंतीला टेकून हळूच खाली बसले.

मी वाकून पाहिलं. पाणी मुरून लगदा भिजला होता, शिखर दोन बोटं खचलं होतं आणि त्याबरोबर पुलाचा चढही उतरला होता. हे मी शिकलेल्या माणसाच्या उत्साहानं समजावून सांगू लागलो.

"आईनं चढ काढला," काकू म्हणाल्या.

"तेच सांगतोय त्यो," काका म्हणाले, "फक्त लांबण लावून."

अष्टमी आणि नवमी, दोन दिवस गाडी चढली. सगळी गल्ली बघून गेली. दसऱ्याला घट उठला, पाणी थांबलं, आणि डोंगर वाळता वाळता पूल असा काही पिरगळला, की आता गाडी पुलाच्या तोंडापर्यंतसुद्धा जात नाही. परत बांधू या, असं मी दोनदा म्हणून पाहिलं. काका म्हणाले, "दोन दिवस चढली. लई झालं." त्यांच्या तोंडून "लई झालं" मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते मला बरं वाटलं नाही.

मागच्या रविवारी सकाळी गेलो. काका पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. मधल्या खोलीत काकू तांब्या घेऊन चवड्यांवर उभ्या राहून शिखरावर पाणी शिंपडत होत्या. मला बघून दचकल्या आणि तांब्या पदराआड धरला.

"त्यांना सांगू नगंस, बाबा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एकदा खचलाय. परत खचंल."