तळ्याकाठची शेवटची काच

वाईचे नाथाजी फोटोवाले दोन दिवस महाबळेश्वरच्या तळ्याकाठी तळ ठोकून होते. एका हॉटेलवाल्याला बागेचा आणि तळ्याचा देखावा हवा होता. साल त्रेचाळीस, भाद्रपद सरत आलेला. लढाईमुळे फोटोच्या काचा मिळेनाशा झाल्या होत्या. नाथाजींकडे मोजून तीन होत्या. पहिली धुक्यानं खाल्ली. दुसरी काच घातली अन् वारं सुटलं, झाडं हलली. आता एकच राहिली होती.

बागेतल्या बाकावर सुलाबाई नावाची एक म्हातारी ओलं लुगडं पिळत बसली होती. क्षेत्राला जाऊन आली होती, मोटारीची वाट बघत होती.

"आवं दादा, ह्यात मानसाचं रूप निघतंया न्हवं?"

"निघतं की."

"माजा जोतीराम लढाईवर हाय. आये, तुजा फोटू धाड, म्हनून दोनदा लिवलंय त्यानं."

"बाई, एकच काच उरलीय. कामाची आहे."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणत सुलाबाई उठली आणि देखाव्याच्या आड येऊ नये म्हणून पार कडेला जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात ढग फाटले. ऊन पाण्यावर उतरलं, पलीकडचा डोंगर लख्ख उजळला. नाथाजी काळ्या कापडात शिरले. हवा होता तसा देखावा समोर होता, फक्त बाक रिकामा होता. त्यांचा हात काही पुढे होईना. ते कापडातून बाहेर आले.

"या, बसा तिथंच. हलू नका."

"पदर घिऊ का नीट?"

"घ्या. लवकर!"

त्यांनी भिंगावरचं झाकण काढलं, मनात तीनपर्यंत मोजलं, झाकण लावलं. लगेच पुन्हा पाऊस आला. म्हातारीनं पापणीसुद्धा हलवली नव्हती.

शेवटची काच म्हातारीवर घालवली म्हणून हॉटेलवाला भडकला, त्यानं पुन्हा काम दिलं नाही. काच धुऊन फोटो छापला तेव्हा तळ्याच्या जागी नुसता पांढरा पट्टा होता. पण सुलाबाईच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती उमटली होती. तिनं दिलेल्या पलटणीच्या पत्त्यावर त्यांनी फोटो धाडला.

चार महिन्यांनी जोतीरामचं पत्र आलं. 'फोटू पोचला. आई लय वाळली. तरी बघून बरं वाटलं. आमच्या कंपनीतल्या पाच जणांचे पत्ते सोबत हायेत. त्यांच्याबी आयांचे फोटू काढा.'

नाथाजींनी पत्र बायकोला वाचून दाखवलं. पुढच्या महिन्यात कशाबशा दोन काचा मिळाल्या, तशी त्यांनी कॅमेऱ्याची पेटी मोटारीच्या टपावर चढवली. यादीतलं पहिलं गाव इस्लामपूरच्या अलीकडे होतं.