खरात मॅडम आणि आमच्या पत्रकातलं एक नाव

मॅडम गेल्या तेव्हा आम्ही पत्रकांचे गठ्ठे बांधत होतो. फोन इम्रानचा आला. इम्रान म्हणजे खरात मॅडमचा पीएचडीचा विद्यार्थी, आणि आमच्या पत्रकातला आरोपी. "मॅडम गेल्या, भाई," एवढंच म्हणाला आणि फोन तसाच धरून राहिला. मांडीवर गठ्ठा होता, वरच्या पानावर जाड ठशात त्याचं पूर्ण नाव… आमच्या वस्तीवरची शाळा बंद करायच्या नोटिशीवरची सुनावणी तोंडावर आली होती आणि मला पहिल्यांदाच माझ्या हातातल्या कागदाची भीती वाटली.

शोकसभेत मॅडमना 'मृदू स्वभावाच्या' म्हटलं गेलं. साफ खोटं आहे. मृदू बाई भरल्या सभागृहात विभागप्रमुखांना "बसा खाली, तुम्ही त्याचं ऐकलंच नाही" असं सांगत नाही. खरात मॅडम इथल्याच एका कॉलेजात उपयोजित गणित शिकवायच्या आणि दर वर्षी शहराच्या छावणी भागातल्या एका छोट्या सभागृहात मराठवाड्यातल्या संशोधकांचा मेळावा भरवायच्या. कुणी धरणाचं पाणी सोडण्याचं गणित आणायचं, कुणी कापसावरच्या अळीचं. मेळाव्याचा नियम एकच होता. ज्याला विरोध करायचाय त्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, ते त्याला पटेल असं. तो "हो, हेच" म्हणाला की मगच आपलं तोंड उघडायचं. मोठमोठे प्राध्यापक या नियमावर अडायचे. मीही अडलो.

कारण मी तो मेळावा उधळायला गेलो होतो. पिशोरच्या पुढं, नाल्यापलीकडं आमची वस्ती आहे. तिथली शाळा बंद करून पोरं दुसऱ्या शाळेत घालायचं घाटत होतं, आणि तालुक्याच्या शिक्षण कार्यालयानं त्यासाठी इम्रानकडून गणित करून घेतलं होतं. तो ते मांडायला उभा राहिला, तसा मी फलक घेऊन आत घुसलो. सोबत वस्तीवरच्या रुक्मिणकाकू, त्यांचा नातू त्याच शाळेत. मी घोषणा दिली. पहिल्या रांगेतले कार्यालयाचे साहेब वळून बघायला लागले, कुणीतरी शिपायाला हाक मारली. मॅडमनी त्याला दारातच थांबवलं.

"फलक भिंतीला टेकवा आणि वर या. इम्रान काय म्हणतोय ते सांगा आधी."

"आम्हाला माहितीय तो काय म्हणतो."

"मग सांगा की."

मी म्हणालो, हा खेड्यातल्या शाळा बंद करा म्हणतो. इम्रान म्हणाला, "नाय, असं नाय म्हटलं मी." मी म्हणालो, हा कार्यालयाची हमाली करतो. "हे तर मत झालं," मॅडम म्हणाल्या, "पुन्हा सांगा." मागची पोरं हसली. माझे कान तापले होते, पण खाली उतरणं म्हणजे हरणं होतं. मग त्यालाच विचारत विचारत मी मांडलं… कार्यालयानं ठरवलं, एवढ्याच शाळा राहतील. कुठल्या ठेवल्या तर तालुक्यातल्या सगळ्या पोरांचं मिळून चालणं कमीत कमी होईल, ते तू काढलंस. आमची पोरं थोडी. ती नाला ओलांडून लांब गेली तरी बेरजेत फारसा फरक पडत नाही. म्हणून आमची शाळा गेली.

इम्राननं मान खाली घातली. "हो… हेच."

खालून रुक्मिणकाकू म्हणाल्या, "मंग बेरजेपायी आमच्याच लेकरांनी चालायचं व्हय रं बाबा?"

मला वाटलं, आता मॅडम आमच्या बाजूनं बोलतील. त्या म्हणाल्या, "गणित बरोबर आहे." माझं डोकं फिरलं. पण त्या इम्रानकडं वळल्या होत्या. "प्रश्न चुकीचा घेतलास तू. सगळ्यांचं मिळून किती, ते सोड. सगळ्यात लांब कोणतं पोर चालतंय ते बघ, आणि त्याचं कमी कर. मग कुठली शाळा राहते ते सांग." साहेब चहाला थांबले नाहीत.

इम्राननं नव्यानं गणित केलं. त्यात आमची शाळा राहत होती. त्यानं ते कार्यालयात पाठवलं, आणि कार्यालयानं जुन्याच गणितावर नोटीस काढली. तेव्हा मी पत्रक लिहिलं. चळवळीत आम्हाला शिकवलंय, पत्रकाला चेहरा लागतो, 'प्रशासन' या शब्दावर कुणी चिडत नाही. मी चेहरा दिला. इम्रानचा.

मेळाव्यापासून मी मॅडमकडं जात-येत होतो, पण तोवर त्या दवाखान्यात होत्या; पत्रकाचा मसुदा मी तिथंच नेला. नाकाला नळी होती, तरी पत्रक शेवटपर्यंत वाचलं त्यांनी. "याचं नाव काढ."

"का? गणित त्याचंच आहे."

"आदेश कुणाचा?"

"साहेबांचा."

"त्यांचं नाव दिसत नाही यात."

"त्यांचं घातलं तर सुनावणी आधीच बिघडंल, मॅडम."

"म्हणजे जो तुझं काही बिघडवू शकत नाही, त्याच्यावर सगळा भार." त्या दम घ्यायला थांबल्या… "त्याच्या पहिल्या गणितानंही हेच केलं होतं."

मी चिडलो. तुमचा विद्यार्थी आहे म्हणून बोलताय, असं तोंडावर म्हणालो.

"आहेच माझा. सिल्लोडच्या बाजारात हे वाटशील तेव्हा लोक शाळेचं वाचतील, का इम्रान एवढंच वाचतील?"

"आम्हाला तसं म्हणायचं नाही."

"तुला नसेल. वाचणाऱ्याला असेल, तर तू मधे पडणार आहेस का?"

"बघतो," म्हणून मी निघालो. तीच आमची शेवटची भेट.

अंत्यविधीनंतर इम्रान आमच्या खोलीवर आला. गठ्ठ्यातलं एक पत्रक उचलून उभ्यानंच वाचलं. "सिल्लोडला नको वाटू. अब्बा तिथंच बसतात दुकानात," एवढंच म्हणाला. नवं छापून घ्यायला वेळ नव्हता. रुक्मिणकाकूंनी काळा स्केचपेन मागितला, अन् आम्ही सगळे एकेका पत्रकावरचं नाव काळं करायला बसलो. इम्रानपुढचा गठ्ठा मी ओढून घेतला. त्यानं तो परत घेतला.

सुनावणीला साहेबांनी पत्रक हातात घेतलं. "ही काळी पट्टी कसली? आणि गणित तर तुमच्या त्या इम्राननंच करून दिलंय." नाव त्यांनी स्वतःच घेतलं, सगळ्यांसमोर. मी म्हणालो, "नाव चुकीचं पडलं होतं, साहेब. अंतिम आदेशावर सही कुणाची येते ते बघून भरणार आहोत." साहेबांनी पत्रक पालथं ठेवलं. तेव्हा इम्रान मागून पुढं आला आणि नवं गणित त्यांच्यासमोर ठेवून तिथंच उभा राहिला. निर्णय पुढं ढकलला गेला. शाळा भरते आहे… सध्या.

मागच्या आठवड्यात मॅडमच्या घरी गेलो. त्यांच्या कामाच्या खोलीत काही आवरलेलं नाही, फळ्यावर अर्धवट आकडेमोड तशीच आहे. मॅडमच्या मिस्टरांना मी पत्रक दाखवलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं, काळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"नाव अजून दिसतंय," ते म्हणाले, आणि मॅडमच्या टेबलावरचा पेन माझ्या हातात दिला.