मुक्कामाचं घर

पाहुण्यांनी पिशव्या उचलल्या, चपला पायांत सरकवल्या, की रत्नाक्का दारात येऊन उभ्या राहायच्या. निरोप द्यायला नव्हे. चौकटीला हात लावून म्हणायच्या, "जरा थांबा. जितं झोपला होता ती खोली एकदा बघून या की." पाहुणे गोंधळायचे. कुणी हसून घ्यायचं, कुणी एस.टी.ची वेळ झाली म्हणायचं. अक्का हलायच्या नाहीत. शेवटी त्यांच्यातली एखादी बाई चपला काढून आत जायची, चादरींच्या घड्या घालायची, उशा जागेवर ठेवायची, खिडकीत राहिलेला चहाचा कप मोरीत नेऊन विसळायची. तेवढं झालं की अक्का बाजूला व्हायच्या आणि तिच्या हातावर शेंगाचटणीची पुडी ठेवायच्या. "आता या परत. कवाबी या."

हा प्रकार मी वरच्या जिन्यातून कितीदा तरी पाहिला. मी त्यांची भाडेकरू. बार्शीकडून सोलापूरच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून आले आणि विजापूर रोडच्या आतल्या बाजूच्या त्या घरात वरची खोली घेतली. खाली अक्का आणि त्यांचे यजमान राहायचे. यजमानांना सगळे दादा म्हणत. ते एका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, मूळचे वेळापूरकडचे, तीन भावांतले मधले. थोरला आणि धाकटा गावाकडे ऊस करायचे. दादा आणि अक्कांना मूलबाळ नव्हतं.

मूलबाळ नव्हतं, पण घर रिकामं कधी नसायचं. माळशिरस तालुक्यातल्या त्यांच्या भावकीत कुणाचं सोलापूरला काम निघालं की ते दादांकडे उतरणार, हे ठरलेलंच होतं. कुणी दवाखान्यासाठी, कुणी कोर्टाच्या तारखेसाठी, कुणी पोराच्या परीक्षेसाठी, कुणी लग्नाच्या साड्या घ्यायला. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाणारे तर बुधवारी संध्याकाळीच हजर व्हायचे. "येऊ का?" असं कुणी विचारत नसे. फोन यायचा तो एस.टी. स्टँडवरून, "पोचलो बगा."

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. ते टाकीत, पिंपात, कळशांत भरून ठेवायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचं. त्यात अंथरायला-पांघरायला सोलापुरी चादरी. ती चादर ओली झाली की काय वजनाची होते, हे जिनं ती पिळली आहे तिलाच ठाऊक. पाहुणे ती पायपुसण्यासारखी तुडवून, कडेला चहा सांडून, खोलीच्या मधोमध टाकून जायचे. मग अक्का उरलेल्या पाण्याचा अंदाज घेत मागच्या मोरीवर बसायच्या.

"घरच्यासारखं राहा म्हनलं की सगळी राहत्यात," त्या म्हणायच्या. "घरच्यासारखं उचला म्हनलं, की लगीच पावनी होत्यात."

अक्कांचं माहेर अक्कलकोटचं. बोलणं मराठी, पण राग आला की पहिला शब्द कानडी यायचा. त्यांच्या माहेरीही दर्शनाला येणारे उतरायचे. अक्का सांगायच्या, "माजी आई दुसऱ्याकडं एक रात राहिली तरी सकाळी त्येंचं अंगण झाडून निगायची. म्हनायची, आपल्या मागं त्या बाईनं आपल्याला शिव्या घालत वाकू नये." अक्कांना पाहुणा जड नव्हता. रात्री उशिरा आलेल्यालाही गरम भाकरी मिळायची, दवाखान्यातल्या माणसाला डबा जायचा. त्यांना जड व्हायचं ते मागे राहिलेलं.

एकदा माझे वडील बार्शीहून आले होते. माझ्याकडे जागा नव्हती म्हणून अक्कांनी त्यांना खाली झोपायला बोलावलं. सकाळी मी उतरले तर वडील गादी उन्हाला टाकत होते आणि अक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "बाई," त्या मला म्हणाल्या. मी शिक्षिका म्हणून त्या मला बाईच म्हणत. "बाई, तुमचा बाप लई चांगला मानूस हाय. इतक्या वर्सांत ह्या घरात पुरुषानं घातलेली घडी मी पयल्यांदा बघितली." वडील लाजले. दादा पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही.

दादा वाईट नव्हते. पण भावकीपुढे ते मऊ पडायचे. शहरात पक्की नोकरी मिळाली आणि भाऊ रानात राहिले, याची त्यांना कायम शरम वाटत असावी. भावांनी त्यांच्या घरात काहीही करावं, हे त्यांनी मनातून मान्य करून टाकलं होतं. अक्कांनी दारात कुणाला अडवलं की ते आत जाऊन बसायचे.

मग गादीचं प्रकरण झालं. धाकटे दीर, जाऊ आणि त्यांचा लहान मुलगा दोन दिवस राहून गेले. त्या दिवशी अक्का दारात उभ्या राहिल्या नाहीत, कारण जाऊबाईंनी स्वतःच सगळं आवरलं होतं. गादी गुंडाळून भिंतीला लावलेली, वर चादरींची चळत. अक्का खूश झाल्या. संध्याकाळी मला म्हणाल्यासुद्धा, "धाकटी सुदारली बगा." दोन दिवसांनी खोलीत वास सुटला. गादी उलगडली तर आतून भिजलेली, कापूस कुबट झालेला. पोरानं रात्री ओली केली होती आणि ती तशीच गुंडाळून ठेवली होती.

अक्कांनी फोन केला. मी तिथेच होते. आवाज चढला नव्हता. "पोरानं ओली केली त्येचा राग न्हाय गं. पोरं करत्यात. तू मला सांगितलं का न्हाईस? झाकून का ठिवलीस?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण रात्री भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाऊबाईंचा व्हॉइस मेसेज आला, आणि तो दादांच्या मोबाईलवर सगळ्या घराला ऐकू गेला. "आमच्या लेकराच्या मुताचा हिशेब ठेवती ही बाई. हिला पोर असतं तर कळलं असतं. वांझोटीच्या घरात उतरायची आमची चूक झाली." त्या मेसेजखाली कुणी हात जोडलेले, कुणी रडणारे चेहरे पाठवले. 'वहिनी, असं बोलू नका' एवढं लिहायलाही कुणाची बोटं वळली नाहीत.

दादांनी मोबाईल पालथा ठेवला. मग म्हणाले, "तू फोन करायलाच नको हुतास. माफी माग आन् मिटव."

"कशाची माफी मागू?" अक्कांनी विचारलं.

"कशाची का असंना. माज्या भावाचं घर हाय ते."

अक्कांनी फोन लावला आणि "चुकलं माजं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती गादी एकटीनं उसवली आणि कापूस उन्हात पसरला. पण पुढचे पाहुणे निघाले तेव्हा त्या पुन्हा दारात उभ्या होत्या. आता भावकीत त्यांचं नाव 'इन्स्पेक्टर' पडलं होतं.

ह्या बाईनं एकाच माणसाला दारात कधी अडवलं नाही. थोरल्या दिरांचा मुलगा प्रमोद. तो इंजिनिअरिंगची सगळी वर्षं त्यांच्याकडे राहिला. पांघरुणातून उठायचा आणि तसाच कॉलेजला जायचा. ताट जागेवर, टॉवेल दारावर, पुस्तकं जमिनीवर. अक्का मागून उचलत जायच्या. मी एकदा विचारलं, "ह्याला का सूट?" तर हसल्या. "त्येचा अभ्यास हाय की, बाई. आन् आपल्या घरात आपलंच पोर पसारा करतंय आसं वाटतं." पुढे प्रमोद पुण्यात नोकरीला लागला, लग्न झालं, फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला अक्का स्वतः निवडून चार चादरी घेऊन गेल्या होत्या.

त्यानंतर अक्कांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन सोलापूरला झालं, पण पुढे लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यायला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. रोज थोडा वेळ, सहा-सात आठवडे. राहायचं कुठे, हा प्रश्न अक्कांना पडलाच नाही. "प्रमोद हाय की," त्या म्हणाल्या. दादा सोबत गेले आणि दोनच दिवसांत परत आले. हॉलमध्ये दोघांना झोपायला अडचण होते, असं प्रमोदची बायको म्हणाली होती.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली तशी मी पुण्याला त्यांना भेटायला गेले. बरोबर कडक भाकरी आणि चटणी. दार प्रमोदच्या बायकोनं उघडलं. हॉल स्वच्छ होता. सोफा, टीपॉय, कोपऱ्यात झाडाची कुंडी. अक्का गॅलरीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. डावा हात सुजून खांबासारखा झालेला, गळ्यापर्यंतची कातडी भाजल्यासारखी काळवंडलेली. दवाखान्यातून नुकत्याच आल्या होत्या.

"झोपत का नाही थोडं?" मी विचारलं.

"दिवसा अंथरूण घातलं की हॉल बरा दिसत न्हाय," त्या हळूच म्हणाल्या. "लोकं येत्यात त्येंच्याकडं."

प्रमोदची बायको चहा घेऊन आली. मनापासून कौतुक करत म्हणाली, "काकू फार नीटनेटक्या आहेत हो. आम्ही उठायच्या आधी सगळं आवरलेलं असतं. घरात कुणी आहे हे कळतसुद्धा नाही." मी अक्कांकडे पाहिलं. त्या बशीतला चहा पीत होत्या.

तेवढ्यात प्रमोद आतून आला. मला बघून त्याला बरं वाटलं. म्हणाला, "बाई, तुम्ही आलात ते बरंच झालं. हिचे आईवडील येतायत, महिनाभर असतील. दवाखान्याजवळ पेशंटसाठी धर्मशाळा आहे, चांगली आहे. मी चौकशी करून ठेवलीय. काकूंना पण रोजचा रिक्षाचा त्रास वाचेल."

अक्का म्हणाल्या, "व्हय की. माजंबी तेच चाललं होतं मनात." हे खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं.

त्याच दिवशी त्यांना धर्मशाळेत न्यायचं ठरलं. निघण्याआधी त्या बाथरूममध्ये गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत म्हणून मी डोकावले. एका हातानं त्या फरशी घासत होत्या. मी ब्रश घ्यायला गेले तर दिला नाही. "न्हाई बाई. माजं म्या करते." घाम गळत होता, ओठ पांढरे पडले होते. प्रमोदला बाहेर पाण्याचा आवाज येत होता. तो मोबाईलवर रिक्षा बघत होता.

धर्मशाळेच्या खोलीत आणखी तिघी बायका होत्या. सुट्टी संपेपर्यंत मी तिथे राहिले, मग दादा आले; घडलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. तिथल्या लोखंडी खाटेवर अक्का भर दुपारी हातपाय पसरून झोपायच्या. एकदा जाग्या झाल्या तेव्हा मी विचारलं, "प्रमोदचा राग येतो का?"

त्या वरच्या पंख्याकडे बघत म्हणाल्या, "राग न्हाय. मला वाटलं हुतं, त्येच्या घरात मी आवरलं न्हाई तरी चालंल."

त्यानंतर प्रमोदचं नाव त्यांनी काढलं नाही. सोलापूरला परत आल्या, काही महिने बऱ्या होत्या, मग दुखणं हाडांत उतरलं. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या स्वतःच्या घरात वारल्या.

तेराव्याला सगळी भावकी आली. जेवणाआधी चार शब्द बोलायची टूम कुणीतरी काढली. धाकट्या जाऊबाई रडल्या. मग प्रमोद उठला. "काकूंनी मला आईच्या मायेनं वाढवलं. त्यांचे शेवटचे कठीण दिवस आमच्या घरी गेले, त्यांची सेवा करायला मिळाली, हे आमचं भाग्य."

दादा भिंतीला टेकून बसले होते. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "पंधरा दिवस हुती तुज्याकडं. मग धर्मशाळेत हुती."

थोरले दीर म्हणाले, "जाऊ दे आता, ही बोलायची येळ न्हाय."

"मग कंची येळ?" दादांनी विचारलं. "ती हुती तवा मी बोललो न्हाय. तुमी तिला वांझोटी म्हनला, तवाबी मी तिलाच माफी मागाय लावली. दुखऱ्या हातानं ह्येची मोरी घासून बाहीर पडली ती. आन् हा म्हनतोय सेवा."

प्रमोद जेवला नाही. बायकोला घेऊन गाडीत बसला आणि गेला. बाकीचे जेवले. जिन्यापाशी हात धुताना त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडत होतं. दुःखानं दादांचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, असं एक जण म्हणाला. दुसरी म्हणाली, "म्हातारं तिच्याच वळनावर गेलं शेवटी."

आता त्या घरात कुणी उतरत नाही. भावकीतले दवाखान्याला येतात ते स्टँडजवळच्या लॉजवर राहतात. अक्कलकोटला जाणारे परस्पर जातात. परवा दादांना डबा द्यायला मी खाली गेले होते. त्यांनी सगळं घर झाडून पुसून ठेवलं होतं, बाहेरच्या खोलीत चादरींची चळत कोपऱ्याला कोपरा जुळवून रचलेली.

"घर लई नीट राहतंय बगा आता," ते म्हणाले, आणि डबा तसाच हातात धरून उभे राहिले.