सर्व्हर रूमचा एसी बंद होता

आज सकाळी आमच्या रिसोडच्या दवाखान्यात सर्व्हर रूमचं दार उघडलं आणि तोंडावर गरम वाफ आली. एसी बंद! सगळ्या पेशंटचे रिपोर्ट तिथल्या सर्व्हर मशीनमध्ये आहेत, आणि ते तापलं की बिघडतं.

"मीच बंद केला, मॅडम," झाडणाऱ्या शांतामावशी म्हणाल्या. "आत तं कोणीच नव्हतं. रिकाम्या खोलीले एसी कायले?"

मशीन बंद करून निवू दिलं. पुन्हा सुरू होऊन रिपोर्ट दिसेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

ती खोली मीच आखली होती. किती टनाचा एसी, कुठली खिडकी बुजवायची, सगळ्यांना विचारलं. रोज तिथे झाडणाऱ्या मावशींना मात्र काहीच सांगितलं नाही. सांगा, चूक कोणाची?